सायकियाट्री घ्यायला पोरं तयार आहेत, जागा कुठे आहेत?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसंच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पदव्युत्तर शिक्षण मंडळ, नवी दिल्ली

सविनय नमस्कार,

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी सायकियाट्रीच्या (मानसोपचारशास्त्राच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे जेआर-३. पत्र लिहायला बसले त्याचं कारण एक प्रस्ताव आहे. आमच्या कॉलेजने वाढीव पीजी (पदव्युत्तर) जागा मागितल्यात, मेडिसिनच्या मागितल्या, सर्जरीच्या, ऑर्थोच्या, ॲनेस्थेशियाच्या मागितल्या, चांगलीच गोष्ट आहे, पण सायकियाट्रीची एकही मागितली नाही. का म्हणून विचारलं तर ऑफिसातून सांगण्यात आलं की प्रोफेसरचं पद रिकामं आहे, असोसिएट प्रोफेसरची बदली झालीय, नियमात बसतील एवढे बेड वॉर्डात नाहीत, आणि तसंही या ब्रँचला येतं कोण. यातली पहिली तीन कारणं खरी आहेत आणि तिन्ही तुमच्या सहीने सुटण्यासारखी आहेत. चौथं खरं नाही. कधीकाळी असेल, आता नाही. आणि मला वाटतं पहिल्या तीन गोष्टी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात त्या या चौथ्या समजुतीमुळेच, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते.

मी एमबीबीएसला होते तेव्हा सीनियर लोकांची चॉईस लिस्ट ठरलेली असायची. वर रेडिओलॉजी, डर्मा (त्वचारोग), मेडिसिन, मग पेड्स (बालरोग), ऑर्थो, गायनिक (स्त्रीरोग) असं करत करत खाली यायचं आणि काहीच लागलं नाही तर सायकियाट्री. पुष्कळ जण जॉईन व्हायचे आणि पुढच्या राउंडला अपग्रेड मिळालं की सोडून जायचे, काही जण रात्री पुढच्या नीट पीजीचा, म्हणजे पीजी प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करत दिवस काढायचे. डिपार्टमेंटलाही सवय झाली होती की आलेलं माणूस टिकेल असं धरून चालायचं नाही.

आता चित्र वेगळं आहे. मागच्या पीजी ॲडमिशनच्या काउन्सेलिंगच्या वेळी माझ्या हॉस्टेलच्या खोलीत दोन ज्युनियर मुली चॉईस भरायला आल्या होत्या. लॅपटॉपवर सीट मॅट्रिक्सची पीडीएफ, बाजूला एक्सेलची शीट, त्यात प्रत्येक कॉलेजचा आधीच्या दोन वर्षांचा क्लोजिंग रँक (शेवटची जागा ज्या रँकला गेली तो), आणि सायकियाट्रीच्या सगळ्या ओळी पिवळ्या केलेल्या. त्यातल्या एकीला तिच्या रँकवर पेड्स आरामात लागत होतं, तरी तिने वरच्या सगळ्या चॉईस सायकियाट्रीच्याच टाकल्या, मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, मग बाकीचे जिल्हे. मध्येच वडिलांचा फोन आला, ते एवढंच म्हणाले की बाई नीट विचार कर, आणि ती म्हणाली पप्पा इंटर्नशिपपासून विचार करतेय. तिला लागली नाही. पिवळ्या ओळी होत्याच किती, आणि ज्या होत्या त्या तिच्या रँकच्या बऱ्याच आधी संपल्या. खासगीत आणि डीम्डमध्ये (अभिमत विद्यापीठांत) होत्या, पण त्यांची फी तिच्या घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती. ती आज एका तालुक्याच्या ठिकाणी हाउस ऑफिसरचं काम करत परत नीटची तयारी करतेय. दुसरी प्लॅब ही तिकडची डॉक्टरांची परीक्षा देऊन इंग्लंडला जायच्या तयारीत आहे, तिकडे कोअर सायकियाट्री ट्रेनिंगला अप्लाय करणार म्हणते. या दोघी अपवाद असत्या तर मी लिहिलं नसतं. आमच्या कॉलेजात सायकियाट्रीची जागा स्ट्रे राउंडपर्यंत, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीपर्यंत, उरलीय असं मी इथे आल्यापासून पाहिलेलं नाही, आणि दर काउन्सेलिंगला माझ्या व्हॉट्सॲपवर अनोळखी इंटर्न लोकांचे मेसेज येतात, मॅम सायकियाट्री घेऊ का, डिपार्टमेंट कसंय, थेरपी शिकवतात का, फक्त गोळ्याच लिहायच्या का. काहीच मिळालं नाही म्हणून येणारं माणूस असे प्रश्न विचारत नाही.

हे का बदललं याची कारणं आम्हाला आतून माहितीयत. कोविडमध्ये आमच्या पिढीने वॉर्डात जे पाहिलं त्यानंतर मन नावाची गोष्ट सिलॅबसच्या शेवटच्या पानावरची राहिली नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांनी एमबीबीएस करताना स्वतः डिप्रेशन किंवा पॅनिकसाठी उपचार घेतलेत आणि ते आता लपवत नाहीत. आणि व्यवहाराची कारणंही आहेत, ती सांगायला मला कमीपणा वाटत नाही: प्रॅक्टिस सुरू करायला ओटी लागत नाही, कोटीची मशीन लागत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनंतर फॉलोअपचे बरेच पेशंट व्हिडिओवर बघता येतात, घरी मूल लहान असलं तरी काम चालू ठेवता येतं. पोरं कुठल्या का कारणाने येईनात, येतायत ना. यायला लागलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं ही तर आपल्याला परवडणारी गोष्ट नाही.

बाहेरच्या देशांनी हीच लाट आली तेव्हा काय केलं ते बघा. अमेरिकेत दर मार्चमध्ये रेसिडेन्सीची मॅच लागते, म्हणजे कुणाला कुठे ट्रेनिंगची जागा मिळाली ते कळतं, तिथे २०१५ ला सायकियाट्रीच्या साडेतेराशेच्या आसपास जागा होत्या, २०२४ ला त्या सव्वाबावीसशेच्या वर गेल्या, आणि वाढवलेल्या जागा जवळजवळ सगळ्या भरल्या. इंग्लंडमध्ये तर आपल्याकडे पूर्वी होती तशीच रड होती, ट्रेनिंगच्या जागा रिकाम्या राहायच्या. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने २०१७ ला 'चूज सायकियाट्री' नावाची मोहीम काढली, मेडिकलच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाऊन त्यांना ब्रँच दाखवली, आणि तीनेक वर्षांत कोअर ट्रेनिंगच्या जागा जवळपास शंभर टक्के भरायला लागल्या. आता तिथे जागेमागे अर्जांची रांग आहे आणि त्या रांगेत आपली पोरं उभी आहेत. सरकारी कॉलेजात, आपल्या लोकांच्या पैशातून शिकलेली. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांनी आधी इथेच अर्ज केला होता.

आता तुमच्याच कायद्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ मध्ये लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्याचं मनुष्यबळ किती असावं याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत ते कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत गाठण्यासाठी सरकार प्रयत्न करेल. दहा वर्षं म्हणजे मे २०२८. देशात लाखामागे ०.७५ सायकियाट्रिस्ट आहेत आणि किमान ३ हवेत हे आकडे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालातच आहेत, तीनचं प्रमाण गाठायचं तर आणखी २७ हजार सायकियाट्रिस्ट लागतील असंही त्यात म्हटलंय. महाराष्ट्रापुरतं बघायचं तर २०११ च्या जनगणनेची सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली, जी आता कितीतरी वाढलीय, तरी लाखामागे तीन म्हणजे तेहतीसशेच्या पुढे सायकियाट्रिस्ट पाहिजेत. एमडीला तीन वर्षं लागतात. आज जो मुलगा ॲडमिशन घेईल तो कायद्याने दिलेल्या तारखेच्या आत पासच होणार नाही. म्हणजे मुदत संपायला अजून अवकाश आहे असं कागदावर दिसत असलं तरी प्रत्यक्षात ती आपल्या हातून निसटलेली आहे, आणि तरीही आमच्या कॉलेजचा प्रस्ताव सायकियाट्रीशिवाय जातो आणि वर कुणी विचारत नाही की ही ब्रँच का नाही.

माझी तक्रार नेमकी काय ते आता सांगते.

पहिली तक्रार पदांची. पीजीच्या जागा किती मिळणार हे डिपार्टमेंटला प्रोफेसर, असोसिएट किती आणि बेड किती यावर ठरतं. सायकियाट्रीत सरकारी कॉलेजांतली ही पदं रिकामी राहतात, भरली तर कंत्राटावर भरतात, आणि एक माणूस इन्स्पेक्शनच्या तोंडावर इकडून तिकडे हलवला की एका कॉलेजच्या जागा वाचतात आणि दुसऱ्याच्या जातात. ज्या सरांकडे मी शिकायला आले त्यांची बदली माझ्या थीसिसच्या मध्यात झाली. शिकवणाऱ्याचं पद भरलं नाही की जागा मिळत नाही, जागा नाही म्हणून नवा सायकियाट्रिस्ट तयार होत नाही, आणि तयार होत नाही म्हणून शिकवायला माणूस मिळत नाही असं परत तुम्हीच सांगता. हे चक्र विद्यार्थ्याच्या बाजूने तुटू शकत नाही.

दुसरी तक्रार दोन खात्यांची, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, चारही ब्रिटिशांच्या काळातली, मराठवाड्यात एकही नाही. ही सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आहेत. आम्ही विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. म्हणजे शेकडो बेड, जुनाट आजाराचे पेशंट, कोर्टाच्या आदेशाने आलेले पेशंट, पुनर्वसनाचं काम हे सगळं एका मंत्र्याकडे आणि ते शिकायला आतुर असलेले रेसिडेंट दुसऱ्या मंत्र्याकडे, आणि आमच्या कॉलेजला जागा नाकारताना कारण काय, तर बेड कमी. तुम्ही दोघं एकाच मंत्रिमंडळात एका टेबलाला बसता. करार करून हे बेड आणि तिथले तज्ज्ञ शिकवण्यासाठी जोडता आले, तिथे एमडीच्या किंवा डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पीजी पदवीच्या) जागा पूर्ण क्षमतेने चालवता आल्या, तर नवी इमारत न बांधताही बरंच काही होण्यासारखं आहे.

तिसरी, नवीन कॉलेजं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई. माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या मुलीला हिंगोलीला कॉलेज होतंय याचा आनंद किती झाला ते सांगता येणार नाही. पण या कॉलेजांत सायकियाट्री हे एमबीबीएसच्या मान्यतेपुरतं, दोन खुर्च्यांचं डिपार्टमेंट राहणार की पहिल्या दिवसापासून पीजी धरून त्याची पदं आणि वॉर्ड आखला जाणार, हे आत्ताच ठरतं. नंतर कुणी मागे वळून बघत नाही, आमच्याकडे तेच झालंय.

चौथी गोष्ट एमबीबीएसची. फायनलला सायकियाट्रीचा वेगळा पेपर नाही, ती मेडिसिनच्या पेपरात डर्मासोबत बसते, आणि इंटर्नशिपमध्ये तिच्या वाट्याला दोन आठवडे येतात. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही मानसोपचार तज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं सांगतेय की हा वेगळा विषय करा. परीक्षेत नसलेलं कुणी वाचत नाही हे सगळ्यांना माहितीय. त्यामुळे जो मुलगा ही ब्रँच घेतो तो दोन आठवड्यांच्या ओळखीवर घेतो, आणि जो घेत नाही तो पुढे जनरल प्रॅक्टिसमध्ये छातीत धडधड होते म्हणून आलेल्या बाईचे ईसीजीवर ईसीजी काढत बसतो.

पाचवी तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी काम करण्याची, शिकताना आणि पास झाल्यावरही. जिल्हा निवासी कार्यक्रमात आम्हाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, कल्पना उत्तम आहे, मी तिच्या विरोधात नाही. मी गेले तिथे मानसोपचार तज्ज्ञाचं पद बऱ्याच काळापासून रिकामं होतं आणि ओपीडी आमच्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्या रेसिडेंटवर चालली होती. दर मंगळवारी एक बाई मुलाला घेऊन यायच्या. मुलाला स्किझोफ्रेनिया, वय तेवीस-चोवीस, उंच, मान खाली. आईचं एसटीचं अर्धं तिकीट, पोराचं पूर्ण, आणि त्या दिवसाची दोघांची मजुरी बुडालेली. पिशवीत एक प्लॅस्टिकची फाईल, त्यात आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं अक्षर आणि औषध तेच, कारण आधीचं काय चाललंय ते बदलायची जबाबदारी कुणी घेतली नव्हती. मुलाचे आवाज पूर्ण थांबले नव्हते. त्याला क्लोझापीन, म्हणजे बाकीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही तेव्हाचं औषध, सुरू करावं असं मला वाटलं, सरांना फोनवर विचारलं, त्यांनाही पटलं, पण क्लोझापीनला सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात आणि डोस हळूहळू वाढवताना एकाच डॉक्टरचं लक्ष लागतं. माझे तीन महिने संपत आले होते. त्या बाईंनी विचारलं, मॅडम तुम्ही पुढच्या महिन्यात आहात ना. मी नाही म्हणाले. औषध सुरू केलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, फाईल पिशवीत घातली आणि मुलाला चल म्हणाल्या.

हे पद का भरत नाही असं तुम्ही म्हणाल तर त्याचंही उत्तर देते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली बरीच पदं कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार कधी वेळेवर कधी नाही, सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर असायला हवेत ते कागदावर. माझ्या एका सीनियरला बाँडच्या (पास झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षात सायकियाट्रिस्ट म्हणून पाठवलं आणि तिथे गेल्यावर जनरल ड्युटी लावली, पोस्टमॉर्टेमसकट. पीजीचा बाँड मोडला तर ५० लाख दंड आहे, आम्ही तो मोडायचा विचारही करत नाही, आम्हाला गावाकडे काम करायचंय. पण आम्ही जे शिकलो ते करू द्या एवढीच अपेक्षा आहे. कायम पद, ठरलेला पगार आणि टीम दिली तर जिल्ह्याला राहणारे सायकियाट्रिस्ट मिळतील हे मी माझ्या बॅचच्या लोकांकडे बघून खात्रीने सांगते.

आणि सहावी आमची स्वतःची. वैद्यकीय आयोगाच्याच राष्ट्रीय कृती दलाचा मेडिकल विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ ला आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून जास्त पीजी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. आठवड्याला ७४ तासांच्या वर ड्युटी नको आणि एक दिवस सुट्टी हवीच, अशी शिफारस त्यात आहे. आमच्याकडे जागा कमी म्हणून रेसिडेंट कमी, म्हणून कॉल लागून लागून येतात, आणि या कॉलेजात दुसऱ्या कुठल्या विभागातला रेसिडेंट कोसळला की त्याच्याशी बोलायला परत आम्हालाच बोलावतात. आम्ही जातो, मनापासून जातो. पण रात्रीच्या एका वाजता दारू अचानक सुटून डेलिरियममध्ये (भान हरपलेल्या अवस्थेत) गेलेला पेशंट मेडिसिन वॉर्डात बांधून ठेवलाय, कॅज्युअल्टीत एक मुलगी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलीय आणि तिचे घरचे डिस्चार्ज मागतायत, आणि दोन्हीकडे मी एकटीच, हे रोजचं झालंय.

त्या मुलीबद्दल थांबून लिहिते, कारण या सगळ्या आकड्यांचा अर्थ तिथे कळतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे आहेत हे. यात वाचलेले मोजलेले नाहीत, आणि ते आमच्याकडे येतात. कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असं धरून चला, आणि त्याला उपचार, काळजी आणि पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात काय होतं, तर मेडिसिनवाले जीव वाचवतात, बेडला दुसरा पेशंट वाट बघत असतो, सायकियाट्रीचा रेफरन्स केस पेपरवर लिहिला जातो, आणि मी ओपीडी उरकून वर पोचेपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो. पुन्हा त्याच घरात, त्याच कर्जात, त्याच भांडणात. पहिल्या प्रयत्नानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात हे आम्ही पुस्तकात वाचतो आणि केस पेपरवर 'डिस्चार्ज ऑन रिक्वेस्ट' असा शिक्का बघतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून देते, चांगली सोय आहे ती, पण फोनच्या पलीकडे प्रत्यक्ष भेटायला जिल्ह्यात माणूस नको का?

एक मुद्दा जागा रिकाम्या राहण्याचा, कारण तो नेहमी आमच्या तोंडावर फेकला जातो. २०२३ ला नीट पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाईलवर आणावा लागला हे खरंय. पण रिकाम्या राहतात त्या जागा बहुतांश ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री अशा नॉन-क्लिनिकल ब्रँचच्या आणि खासगीतल्या महागड्या. पीजीच्या एकूण जागा रिकाम्या म्हणून सायकियाट्रीला मागणी नाही, असा हिशोब कृपा करून लावू नका. कुठल्या ब्रँचच्या, कुठल्या कॉलेजच्या, कितव्या राउंडला किती जागा उरल्या आणि किती जणांनी ती ब्रँच पहिल्या पाचात मागितली होती, ही माहिती राज्याच्या ॲडमिशन बघणाऱ्या सीईटी सेलकडे आहे. ती बाहेर आली की वाद मिटेल.

बरं, जुना डीपीएम, दोन वर्षांचा डिप्लोमा, त्यातून आधी जिल्ह्याजिल्ह्यात पुष्कळ सायकियाट्रिस्ट मिळाले. त्या जागा डिग्रीत बदलल्या, सीपीएसच्या (मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या) कोर्सेसचं मान्यतेवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि २०२० ला राष्ट्रीय परीक्षा मंडळाने जे नवे दोन वर्षांचे डिप्लोमा आणले त्यात ॲनेस्थेशिया, गायनिक, पेड्स, रेडिओ, ईएनटी सगळं घेतलं आणि सायकियाट्री घेतली नाही. हे कोणी कशाच्या आधारावर ठरवलं ते सांगा, आम्हाला खरंच समजून घ्यायचंय.

तर आमच्या मागण्या. राज्यातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात सायकियाट्रीची मंजूर प्रोफेसर, असोसिएट आणि असिस्टंटची पदं कायमस्वरूपी भरा आणि इन्स्पेक्शनपुरत्या बदल्या बंद करा. पुढच्या प्रस्तावात, आमच्या कॉलेजसकट, जिथे सायकियाट्रीच्या जागा मागितल्या नाहीत तिथे का नाही याचं लेखी कारण घ्या. चार प्रादेशिक मनोरुग्णालयं शिक्षणासाठी कॉलेजांना जोडायचा दोन्ही खात्यांचा करार करा आणि त्याची तारीख जाहीर करा. दहा नव्या कॉलेजांत पीजी धरूनच सायकियाट्री विभाग उभे करा, त्यात हिंगोली, जालना, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली आधी घ्या. जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार तज्ज्ञाची पदं कंत्राटीतून काढून नियमित करा, बाँडवर आलेल्या सायकियाट्रिस्टला त्याचंच काम द्या, आणि जिथे तज्ज्ञ नाही तिथे रेसिडेंट लागोपाठ असे पाठवा की मध्ये खंड पडणार नाही आणि पेशंट एकाच कॉलेजच्या युनिटकडे राहील. सीईटी सेलने ब्रँचनिहाय पसंतीचे आणि रिकाम्या जागांचे आकडे दरवर्षी वेबसाइटवर टाकावेत.

आयोगाला वेगळं सांगणं आहे: एमबीबीएसला सायकियाट्रीची वेगळी परीक्षा ठेवा, दोन वर्षांच्या डिप्लोमाचा विचार परीक्षा मंडळासोबत परत करा, आणि तुमच्याच कृती दलाची ७४ तासांची शिफारस सक्तीची करा, न पाळणाऱ्या कॉलेजवर काय कारवाई होईल तेही लिहा.

आणि दोन्ही मंत्र्यांना एक, मे २०२८ ला कायद्याची दहा वर्षं पूर्ण होतील तेव्हा महाराष्ट्रात किती सायकियाट्रिस्ट असतील आणि उरलेले कधीपर्यंत तयार होतील याचा वर्षवार आराखडा येत्या अधिवेशनात सभागृहात ठेवा. आमच्याकडून काय मदत लागेल ती सांगा, आकडे गोळा करायचे असतील, नव्या कॉलेजांत जाऊन इंटर्न लोकांशी बोलायचं असेल, आम्ही ड्युटी सांभाळून करू. माझ्या विभागातल्या बाकी रेसिडेंटनी हे पत्र वाचलंय आणि मागण्यांना त्यांचीही संमती आहे, नावं टाकली नाहीत कारण आम्हाला अजून इथेच परीक्षा द्यायचीय.

आपली विश्वासू,
एमडी सायकियाट्रीची एक निवासी डॉक्टर, मराठवाडा